वेब अ‍ॅप्लिकेशन दहा वर्षं चालवायचंय, सर्व्हर कशावर उभा करावा?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे मिळून लातुरात सॉफ्टवेअरचं काम करतो. अडत दुकानांचा हिशोब, डाळमिलचा स्टॉक, एका पतसंस्थेचं पिग्मी कलेक्शन, अशी कामं. सगळं वेबवर आहे आणि मुंबईतल्या एका भाड्याच्या व्हीपीएसवर (मोठ्या मशिनमधल्या आभासी सर्व्हरवर) चालतं. त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे. त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तेव्हापासून यम अपडेट (पॅकेजं अद्ययावत करायची आज्ञा) दिलं की मिररचा, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या सर्व्हरचा, पत्ताच सापडत नाही. पॅकेज हवंच असेल तर व्हॉल्टमधून, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यातून, जुनं आणायचं. वर पीएचपी ७.४ (अ‍ॅप्लिकेशन ज्या भाषेत आहे ती), ते नोव्हेंबर २०२२ मध्ये संपलं. पोस्टग्रेस ११ (डेटाबेस), ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. म्हणजे पाया आणि वरचे दोन्ही मजले मुदतबाह्य आहेत. नवीन काही बसवायचं म्हटलं तरी अडतं. नोड १८ ला (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ग्लिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी २.२८ लागते आणि सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे.

मोंढ्याचं काम ज्यांना माहीत आहे त्यांना वेळेची अडचण कळेल. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन सुरू होतं, जानेवारी-फेब्रुवारीत तूर येते. सौदा झाला, माप झालं की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी लगेच हातात पडली पाहिजे. शेतकरी भाड्याचा टेम्पो घेऊन उभा असतो. पट्टी तासभर रखडली तर त्याचं भाडं वाढतं आणि अडत्याचा फोन आम्हाला येतो. त्या दिवसांत सर्व्हरला हात लावायचा प्रश्नच नाही. उन्हाळ्यात आवक मंदावते तेव्हाच काय ते करायचं.

मला सगळ्यात वेगवान नको, सगळ्यात स्वस्तही नको. आज जे उभं करू ते दहा वर्षांनी इथल्याच एखाद्या पोराला, आम्ही तिघे नसलो तरी, सांभाळता आलं पाहिजे. डेबियन, उबुंटू, अल्मा किंवा रॉकी, फ्रीबीएसडी, विंडोज यांतली कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, की सर्व्हर ठेवायचाच नाही आणि सगळं मॅनेज्ड (दुसऱ्या कंपनीने सांभाळलेलं) घ्यायचं? ज्यांनी खरंच बरीच वर्षं काही चालवलंय त्यांनी लिहावं ही विनंती.

जालनेकर

आमची बहुतेक कामं विंडोज सर्व्हरवर आहेत, म्हणून त्याची बाजू मांडतो. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक दीर्घकालीन सर्व्हर आवृत्तीला एकूण १० वर्षं देतं आणि तारीख पहिल्या दिवसापासून जाहीर असते. २०१२ आर२ १० ऑक्टोबर २०२३ ला संपलं, २०१६ आता १२ जानेवारी २०२७ ला संपेल. गिऱ्हाइकाला हे आधीच लिहून देता येतं.

पण तुमचं पीएचपी आणि पोस्टग्रेस आहे. त्यासाठी विंडोजचं लायसन्स भरायला मी सांगणार नाही. ज्याचं जुनं डॉटनेट फ्रेमवर्क आहे, किंवा ज्याच्या गिऱ्हाइकाकडे आधीपासून लायसन्स आहे, त्याने तिथेच राहावं. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस फुकट आहे म्हणून सुरुवात करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. हंगामाच्या मधोमध ती भरली तर पुढची नोंद होत नाही.

नांदेडकर

मांजराकाठ, सविस्तर लिहितो, कारण तुमचाच प्रश्न मी इथल्या बऱ्याच ऑफिसांत सोडवत आलोय.

आधी सेंटओएसचं काय झालं ते नीट बघा. सेंटओएस ८ आलं तेव्हा २०२९ पर्यंतचा शब्द होता. ८ डिसेंबर २०२० ला सेंटओएसमागच्या रेड हॅट कंपनीने जाहीर केलं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होईल आणि पुढे फक्त स्ट्रीम (रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीची आधीची शाखा) राहील. ज्यांनी ७ वरून ८ वर शहाणपणाने वेळेत उडी मारली, त्यांची मुदत ७ वाल्यांच्याही आधी संपली. विचार करा, वेळेत अपग्रेड करणारा तोट्यात गेला! कागदावरच्या दहा वर्षांना किती किंमत द्यायची ते तेव्हा कळलं.

म्हणून मी कुठलाही प्लॅटफॉर्म बघताना आधी दोनच गोष्टी विचारतो. ही मुदत कमी करण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे? आणि मुदत संपली की त्याच मशिनवर पुढच्या आवृत्तीत जायची वाट आहे का? विहिरीचं पाणी श्रावणात बघून कुणी रान घेत नाही, मे महिन्यात बघतात.

अल्मा आणि रॉकी दोन्ही २०२१ मध्ये रेड हॅटच्याच सोर्सवरून (मूळ कोडवरून) ती पोकळी भरायला आले आणि काम चांगलं करतात. ९ ची मुदत मे २०३२ पर्यंत आहे, म्हणजे एकाच आवृत्तीचं आयुष्य बघाल तर डेबियनपेक्षा जास्तच. पण जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या विकाऊ लिनक्सचा सोर्स उघड्यावर ठेवणं थांबवलं आणि या दोघांनाही वाट बदलावी लागली. अल्माने हुबेहूब नक्कल सोडून फक्त सुसंगत राहायचं ठरवलं. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण उगमावरचं धरण दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

डेबियन १९९३ पासून आहे आणि त्याला मालक कंपनी नाही. १९९७ पासून त्यांचा सामाजिक करार आहे, प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. विकत घ्यायला काही नाही, त्यामुळे एका पत्रकाने मुदत कापणारं कुणी नाही. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. १३ आली ९ ऑगस्ट २०२५ ला. तिला तीन वर्षं मुख्य सुरक्षा चमूचा आधार, त्यापुढे एलटीएस (दीर्घकालीन आधार) चमू, जून २०३० पर्यंत. म्हणजे पाच वर्षंच. तुम्ही दहा मागताय आणि मी पाचवाला सुचवतोय, हे विचित्र वाटेल.

पण डेबियनमध्ये एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत त्याच मशिनवर जायची वाट अधिकृत आहे, रिलीज नोट्समध्ये पायरी-पायरीने लिहिलेली आहे. फक्त मधली आवृत्ती गाळायची नाही. ११ वरून १२, १२ वरून १३. माझ्याकडे एक सर्व्हर असा आहे की त्याचं मशीन बदललं, कंपनी बदलली, पण इन्स्टॉलेशन तेच पुढे-पुढे येत राहिलंय. दोन वर्षांनी उन्हाळ्यात एक छोटं काम काढायचं, की दहा वर्षांनी एकदाच डोंगर उचलायचा, एवढाच हिशोब. सेंटओएस ७ वरून आता तुम्हाला जे करावं लागणार आहे तो डोंगरच आहे.

आणि स्टेबलमधली (डेबियनच्या पक्क्या आवृत्तीतली) पॅकेजं जुनी असतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक आठवण. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच (सर्व्हरवर दुरून सुरक्षित शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं आणि त्याने तो शोधून काढला. तो कोड डेबियनच्या टेस्टिंग-अनस्टेबलपर्यंत पोचला होता. स्टेबलमध्ये जुनीच आवृत्ती होती, तिथे पोचलाच नाही.

गुलमंडी (छ. संभाजीनगर)

नांदेडकरांचं पटतं, तरी दुसरी बाजू मांडतो. तिघांच्या टीममध्ये रात्री दोन वाजता सर्व्हर बघणार कोण? डेटाबेस तरी मॅनेज्ड घ्या. एडब्ल्यूएसचं (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचं) मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून. लातूर-नांदेडहून दोन्हीकडे चांगला वेग मिळतो. रोजचा बॅकअप, हव्या त्या क्षणापर्यंत मागे जायची सोय, डिस्क वाढवणं, सगळं तयार मिळतं. तुमच्या तिघांचा वेळ गिऱ्हाइकाच्या कामाला लागेल, डिस्क भरली का हे बघण्यात जाणार नाही.

नांदेडकर

गुलमंडी, बॅकअपचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण प्रश्न दहा वर्षांचा आहे. हेरोकू या अ‍ॅप्लिकेशन चालवून देणाऱ्या सेवेचे फुकट प्लॅन २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाले तेव्हा किती विद्यार्थ्यांचे आणि छोट्या संस्थांचे प्रकल्प एका दिवसात उघड्यावर आले ते आठवा. आणि मॅनेज्ड डेटाबेस घेतला म्हणून आवृत्तीची मुदत टळत नाही. यांच्या याच पोस्टग्रेस ११ साठी आरडीएसने (एडब्ल्यूएसच्या मॅनेज्ड डेटाबेस सेवेने) २०२४ पासून एक्स्टेंडेड सपोर्टचे वेगळे पैसे लावले, दर व्हीसीपीयू-तासामागे (आभासी प्रोसेसर चालेल त्या प्रत्येक तासाला). अपग्रेड तिथेही करावंच लागतं, नाही केलं तर बिल वाढतं.

मॅनेज्ड घ्या, पण साधं पोस्टग्रेस घ्या, ज्याचा डंप (सगळ्या डेटाची नक्कल) काढून कुठेही उभा करता येईल. त्या कंपनीपुरत्याच असलेल्या रांगा, फंक्शन, लॉगिन सेवा यांत अ‍ॅप्लिकेशन गुंतवू नका.

गुलमंडी (छ. संभाजीनगर)

हो, तेवढं पथ्य मीही पाळतो. एक भर घालतो. पतसंस्थेचा डेटा आहे, म्हणून सर्व्हर आणि लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी) भारतातच ठेवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. डेबियनवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे लॉग लॉगरोटेट (जुने लॉग काढून टाकणारं साधन) मुळात १४ दिवसच ठेवतं. पहिल्याच दिवशी ते बदला.

बीडवाला

फ्रीबीएसडीचं (लिनक्सहून वेगळी, युनिक्स घराण्यातली सिस्टिम) नाव आलंय म्हणून लिहायलो. मी बरीच वर्षं वापरायलोय आणि मनापासून सांगतो, सांभाळायला याहून शांत सिस्टिम मी बघितली नाही. मूळ सिस्टिम एकीकडे, बाहेरून बसवलेली पॅकेजं दुसरीकडे. पीएचपी बिघडलं तरी सिस्टिमला धक्का नाही. हँडबुक इतकं नीट लिहिलंय की नवीन पोरगा ते घेऊन बसला तर त्याला कुणाला विचारायची गरज पडत नाही. जेल तर २००० सालापासून आहेत. एकेका गिऱ्हाइकाला वेगळी खोली द्यावी तसं देता येतं.

आणि झेडएफएस ही फाइल सिस्टिम. अपग्रेडच्या आधी बीईसीटीएल या आज्ञेने बूट एन्व्हायर्नमेंट (चालू सिस्टिमची प्रत) काढून ठेवायचं. अपग्रेड फसलं तर रीबूट करून जुन्यात परत. कन्सोलवर दोन ओळी. मोंढा सकाळी सुरू व्हायच्या आत परत यायची अशी खात्री लिनक्सवाल्यांना वेगळी तजवीज करून मिळवावी लागते.

जे नाही तेही सांगतो. डॉकर (अ‍ॅप्लिकेशन पेटीबंद करून चालवायचं साधन) तिथे मुळातून चालत नाही. आवृत्ती १५ पासून मुख्य शाखेची मुदत ५ वरून ४ वर्षांवर आणलीय. आणि बीडात, लातुरात फ्रीबीएसडी येणारं माणूस शोधायला निघालात तर फार दारं वाजवावी लागतील. मी एकटा करतो म्हणून मला चालतंय. तुमची अट "इथल्या कुठल्याही पोराला जमलं पाहिजे" अशी आहे, तर मी स्वतः तुम्हाला डेबियनच सांगीन. पण बॅकअपचं मशीन फ्रीबीएसडीवर ठेवा. झेडएफएसचे स्नॅपशॉट रोज घ्यायचे, आणि मुख्य सर्व्हरवर कुणी घुसलं तरी त्याला ते पुसता येऊ नयेत अशी मांडणी करायची.

कळंबकर

उबुंटूचं कुणी बोललं नाही. दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये एलटीएस, ५ वर्षं फुकट, प्रो (त्यांची वर्गणीची योजना) घेतलं तर १०. वैयक्तिक वापराला प्रो ५ मशिनपर्यंत फुकट आहे. आमच्याकडे कॉलेजातून येणाऱ्या पोरांनी हेच पाहिलेलं असतं.

नांदेडकर

कळंबकर, चांगला पर्याय आहे आणि पोरांना ओळखीचा आहे हा मुद्दा वजनदार आहे. फक्त एवढं बघा की युनिव्हर्समधल्या (समुदायाने सांभाळलेल्या) पॅकेजच्या सुरक्षा दुरुस्त्यांची हमी प्रोमध्ये आहे. आणि उबुंटू शिकलेल्या पोराला डेबियनवर अडत नाही. पॅकेज बसवायला तेच एपीटी, सेवा चालवायला तेच सिस्टिमडी.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. ऑफिसातच मशीन ठेवावं का, असं एक अडत्या सारखा विचारतोय. "डेटा आपल्या डोळ्यासमोर पाहिजे" म्हणतो.

जालनेकर

त्याची भावना रास्त आहे, पण मे महिन्यात चाळीसच्या वरचं तापमान, लाइट गेली की आधी एसी बंद आणि मग यूपीएस. घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक आयपीही नसतो. त्याला रोजचा डंप त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उतरवून द्या, डेटा त्याच्या डोळ्यासमोर राहील.

परभणीची लेक

मांजराकाठदादा, तुम्ही डेबियनकडे झुकलेले दिसता, म्हणून मी निवडीबद्दल बोलत नाही. हलवताना काय अडतं ते लिहिते, मी पतसंस्थांचे असे सर्व्हर हलवले आहेत.

सगळ्यात आधी पोस्टग्रेस. डेटा फोल्डर जसाच्या तसा उचलून नव्या मशिनवर ठेवायचा मोह होतो, किंवा दोन्हींत स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (डेटा फाइलींची जशीच्या तशी सतत नक्कल) लावायचा. ते करू नका. ग्लिबसी २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले. सेंटओएस ७ ची ग्लिबसी त्याच्या आधीची, डेबियन १० पासून पुढची सगळी त्यानंतरची. टेक्स्ट कॉलमवरचा इंडेक्स (शोधायला लागणारी क्रमवार सूची) जुन्या क्रमाने रचलेला आणि सर्व्हर शोधणार नव्या क्रमाने. परिणाम असा की खातेदार टेबलमध्ये आहे, यादीत दिसतो, पण नावाने शोधला की सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे युनिक अट असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा घातली जाऊ शकते. कुठेही एरर येत नाही! पिग्मी एजंट म्हणतो खातं नाही, आणि खातं तर समोर आहे. उपाय सोपा आहे, पीजी-डंपने काढायचं आणि नव्यावर रिस्टोर करायचं, इंडेक्स नव्याने बांधले जातात. डेबियन १३ सोबत पोस्टग्रेस १७ येतं, त्याला मूळ प्रकल्पाचाच आधार नोव्हेंबर २०२९ पर्यंत आहे.

दुसरं पीएचपी. डेबियन १३ वर ८.४ आहे. पीएचपी ८ पासून शून्य आणि रिकामी स्ट्रिंग यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर उत्तर खोटं येतं, ७.४ मध्ये खरं यायचं. तुमच्या पट्टीत "हमाली रिकामी असेल तर ओळ छापू नको" अशी अट असेल आणि हमाली शून्याचा आकडा असेल, तर नव्या सर्व्हरवर ती ओळ छापली जाईल. एरर नाही, फक्त पट्टी वेगळी. म्हणून मागच्या हंगामातल्या खऱ्या पट्ट्या दोन्ही सर्व्हरवर काढून एकमेकींशी ताडून बघा, पैशापर्यंत.

तिसरं, आयपी. एसएमएसवाल्याकडे, पेमेंट गेटवेकडे, बँकेकडे तुमच्या सर्व्हरचा आयपी नोंदलेला असतो. नवा आयपी नोंदवायला अर्ज, शिक्का, मेल, यात दिवस जातात, आणि बँकेचं काम शनिवारी-रविवारी होत नाही. नवा सर्व्हर घेतल्या दिवशीच हे अर्ज टाका. डीएनएसचा (डोमेनच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांकडे साठून राहण्याचा काळ, आधीच कमी करून ठेवा.

मांजराकाठ (लातूर)

ताई, इंडेक्सचं हे माहीत नव्हतं. आमचा बेत रेप्लिकेशनचाच होता. मोठं संकट टळलं.

आता ठरवलेलं सांगतो. डेबियन १३, भाड्याच्या व्हीपीएसवर, मुंबईतच. एनजिनएक्स, पीएचपी, पोस्टग्रेस, तिन्ही डेबियनच्याच भांडारातून, बाहेरचा एकही रेपो नाही, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या एकाच ठिकाणाहून येतील आणि पुढच्या अपग्रेडला आडवं काही येणार नाही. सुरक्षा अपडेट अनअटेंडेड-अपग्रेड्सने आपोआप. बॅकअप वेगळ्या कंपनीच्या मशिनवर, बीडवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे फ्रीबीएसडी आणि झेडएफएस. आणि दर महिन्याला तो बॅकअप कोऱ्या मशिनवर उभा करून एक पट्टी काढून बघायची, हे काम आमच्यातल्या सगळ्यात नव्या पोराने करायचं. लिहून ठेवलेल्या सूचनांवरून त्याला ते जमलं नाही तर सूचना दुरुस्त करायच्या. दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात अपग्रेड, तो खर्च आता वार्षिक देखभालीच्या करारातच धरलाय आणि पतसंस्थेने तो मान्य केलाय.

मॅनेज्ड डेटाबेस सध्या नाही, पण पोस्टग्रेस साधंच ठेवतोय, पुढे न्यायचं ठरलं तर नेता येईल.

गुलमंडी (छ. संभाजीनगर)

छान. बॅकअपच्या मशिनची एसएसएच किल्ली मुख्य सर्व्हरवर ठेवू नका. बॅकअपने ओढून घ्यायचं, सर्व्हरने ढकलायचं नाही.

कळंबकर

मेल कुठून जाणार? पतसंस्थेची स्टेटमेंट मेलने जातात ना? नव्या व्हीपीएसवर २५ नंबरचा पोर्ट बहुतेक कंपन्या बंदच ठेवतात.

मांजराकाठ (लातूर)

जातात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. जुन्या सर्व्हरवर पोर्ट उघडा होता. यांना विचारून उघडून घ्यावा का?

परभणीची लेक

नको. नव्या आयपीवरून एकदम एवढी मेल गेली की निम्मी स्पॅममध्ये पडतील. मेल पाठवणारी एखादी सेवा घ्या, ५८७ नंबरच्या पोर्टवरून लॉगिन करून पाठवा, आणि पतसंस्थेच्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या (मेल खरंच त्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या) तिन्ही नोंदी आत्ताच टाकायला सांगा. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आमच्याकडे एका संस्थेचं डोमेन काम सोडून गेलेल्या माणसाच्या खात्यात निघालं होतं आणि ते परत मिळवण्यात सर्व्हर हलवण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

मांजराकाठ (लातूर)

उद्या सकाळी पतसंस्थेत जाऊन डोमेनचं लॉगिन मागतो. इथेच कळवतो.